हे ताट कुणाचं?

प्रिय सू मोन,

सीमेपलीकडून आलेलं तुझं पत्र तांदळाच्या ट्रकवाल्याने आणून दिलं. तू सुखरूप आहेस हे वाचून देवाचे आभार मानले आणि लगेच भांडायला बाहेर पडले. निवृत्त सयामाला, मास्तरणीला दुसरं काय येतं? भांडण आपल्या पुस्तकाचं. मी लिहिलेल्या आणि तू रंगवलेल्या 'जेवलात का?'मधलं हाजराचं पान वाचनालयातल्या प्रत्येक प्रतीतून ब्लेडने कापलंय. मला ते पान हवं होतं. त्यासाठी मी दारोदार हिंडले.

कापणारे वाचनालयाचे आपले अध्यक्ष, ऊ ठुन माऊंग. म्हणाले, "सयामा, दिवस काय आहेत बघा. मोन मूल आहे, करेन आहे, चिनी आहे, तमिळ आहे. एक मुसलमान पोर नसली तर पुस्तक काय उपाशी मरतंय?" मी म्हटलं, सगळी मुलं तोच भात खातात, गालाला तोच तनाखाचा लेप लावतात, एवढंच तर पुस्तकात होतं, तुम्ही ते वाचलंत तरी का? तर हसले. "कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तुम्हाला नम्रपणा नाही वाटतं शिकवला." मी म्हटलं, "गुडघे टेकायला शिकवलं. तुमच्यापुढे नाही." कापलेली पानं मागितली. चहाच्या चुलीत घातली म्हणे, आणि हे सांगताना माणूस त्याच चुलीवरचा चहा भुरकत होता!

शेवटच्या पानावर सगळी मुलं गोल करून जेवायला बसलीत. ते कापलं तर पुस्तकाला शेवटच उरत नाही, म्हणून तिथे पाठमोऱ्या बसलेल्या हाजरावर केळीच्या झाडाचं चित्र चिकटवलंय. तिचं ताट मात्र राहून गेलं. परवा मी लहानग्यांना वाचून दाखवत होते, तर एकीने नेमकं तिथे बोट ठेवलं, "सयामा, हे ताट कुणाचं?" शेजारची म्हणाली, "झाडाचं!" "झाड जेवतं का गं, वेडे? कुणीतरी हात धुवायला गेलंय." मी पुस्तक मिटलं.

हाजरा पायरीवर कशी बसली होती, आठवतं? तनाखा इतका जाड थापलेला, की हसली की गालावर भेगा पडायच्या. समोरचे दोन दात पडलेले. तू ती फट हुबेहूब काढलीस, तशी तिची आई, आपली मा खतीजा, हातात पळी घेऊनच धावत आली. "अगं, ही फट काय जन्मभराची आहे? पुस्तक छापून येईतो दात येतील. लोक म्हणतील, ही बोळकी म्हातारी कुठली! भर बघू ते." तू हसत हसत भरलेस. पुस्तक आलं, दात आले नाहीत. पोरगी पुस्तक उघडून सगळ्यांना सांगत सुटली, "हे बघा, माझे दात इथे आलेत!"

त्यांच्या वस्तीला आग लावली, ते तुला कळलं असेल. आपल्या उरलेल्या प्रती खतीजाच्या नवऱ्याच्या बाइंडिंगच्या दुकानात होत्या, त्या दुकानाबरोबर गेल्या. जे तुला कुणी कळवलं नसणार ते मलाच लिहावं लागतंय. हाजरा गेली. धुरात गुदमरली. आईचा हात सुटला नव्हता.

मा खतीजा आता माझ्याकडे राहते. घरातला एकही फोटो वाचला नाही. लेकीचा चेहरा उरला होता तो त्या पानावर, म्हणून मी हिंडत होते. काल रिकाम्या हाताने परतले, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सांगितलं तरी निवडतच राहिली. मग म्हणाली, "सू मोनला लिहा. तिच्या हाताला आठवत असेल." तुझी मूळ चित्रं पळताना मागे राहिली, ठाऊक आहे मला. तरी मागते. पुन्हा काढ. तनाखा जाड लाव. आणि या वेळी दात भरू नकोस. ते यायचे राहिलेत, असं सांगा म्हणाली.

तुझीच,
टेरेसा सयामा