बारवेच्या पायऱ्या

पुणे,
१४ मार्च १९७५

आबा आणि माय,
तुमच्या भुजंगचा जयभीम. मी खुशाल हाय. इथं भाकरी न्हाई, पण पोळीनं भागतंय.

लोकांच्या सवयींतून रोग कसे पसरतात, हा आमचा विषय. काल सरांनी नारू शिकवला. नारूवाला माणूस पाण्यात उतरला, की त्याच्या पायातला जंत पाण्यात पिल्लं सोडतो. ते पाणी जो पितो, त्याच्या पायातून वर्षभरानं तसाच जंत निघतो. आडाच्या पाण्यात कुणाचा पाय पडत न्हाई, म्हणून तिथं नारू न्हाई.

आबा, मी बसल्या जागी थक्क झालो. गावात घरोघर नारू, अन् आपल्या वस्तीत एकालाबी न्हाई. लोक म्हणायचे, ह्यांनी करणी केली. करणी कसली! गाववाले आपल्याला बारवेच्या पायऱ्या उतरू देत नव्हते, म्हणून आजोबांनी आड खोदला. त्या आडानं आपल्याला राखलं.

पण परसाल आपण भांडून बारवेत उतरलो, तिथलं पाणी पिऊ लागलो. आपल्या धाकट्या बायनाच्या घोट्याला फोड आलाय, असं तुमी लिहिलंत; नारू असाच फोडातून निघतो. लय ठणकतो का? लगेच दवाखान्यात दाखवा, तिला पाण्यात उतरू देऊ नका. पाणी दुपदरी धोतरातून गाळून प्या.

बारव मात्र सोडू नका. कोरड्या पायरीवर उभं राहून दोरीनं घागर सोडा. अन् जो येईल त्याला, पाटलालाबी, अदबीनं सांगा, पाय पाण्याबाहेर ठेवा.

तुमचा,
भुजंग