फाटका स्पीकर आणि माझा घसा

अहो रसिकराज,

स्पीकरचा फाटलेला कागद मी मेकॅनिककडून चिकटवून आणला, हा गुन्हा कबूल. तुमच्या त्या जुन्या अमेरिकन ब्लूज गाण्यांतली गिटार फाटक्या कागदामुळेच इतकी छान गुरगुरते, हे मला कोणी सांगायचं? पण म्हणून परवापासून तोंड फुगवून बसायचं? आज ब्लेडने परत फाडून ठेवलाय. गुरगुरा आता दोघं मिळून.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. आणि सोफ्यावरच्या रेकॉर्डी उचला, माणसांनाही बसायला जागा लागते.

मी ताईबरोबर घशाच्या डॉक्टरांकडे चाललेय. गाठ आहे की काय, ते आज कळेल. महिना झाला आवाज बसून. वर्गातली पोरं नक्कल करतात, दूधवालासुद्धा रोज चौकशी करतो. तुम्हाला मात्र चिकटवलेला स्पीकर पहिल्याच सुराला कळला!

रेकॉर्डवरच्या त्या ब्लूज गाणाऱ्या बायांचा घोगरा आवाज ऐकून तुमचे डोळे भरून येतात. आणि मला काल काय म्हणालात? "जरा मोठ्याने बोल ना, गाणं चालू आहे."

अहो, याहून मोठा आवाज आता निघतच नाही.