मागच्या खोलीतल्या स्टुडिओची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त ध्वनिमुद्रक, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने आणि दुपारचा चहा घेऊन लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बारीक, उंच आवाज हल्ली कानांना कमी ऐकू येतात. परंतु त्याने निर्णयशक्तीला बाधा येत नाही, असे डॉक्टरांचे मत आहे. पत्नीचे मत वेगळे आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी पत्नीच्या, तिच्या पश्चात मुलीच्या. यावर अधिक लिहीत नाही, कारण घर आजही तीच चालवते.

२. मागच्या खोलीतील स्टुडिओ, म्हणजे दोन माइक, स्पीकरची जोडी, संगणक, जाड पडदे आणि वायरींचा गुंता, मुलीला. सोबत अटी आहेत. गाणाऱ्याला खोलीच्या मधोमध उभे करू नये. त्याच्या पाठीमागे कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवावे, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून माइकमध्ये परत येत नाही. माझ्या बायकोच्या हिवाळी कोटांनी जे काम केले, ते महागड्या फोमला जमले नसते. आवाजाची पातळी संगणकावरच्या लाल खुणेच्या बरीच खाली असावी. एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी फ्रिज बंद करावा आणि करताना आपल्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी. किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा सुरू करायचे लक्षात राहते. आठवड्याची भाजी आणि बायकोची मर्जी एकाच दिवशी गमावल्यावर मला हे सुचले.

३. हेडफोन जावईबापूंना. त्यांना प्रत्येक गाण्यात खालचा दणदणाट वाढवायची हौस आहे. "बाबा, छातीत जरा धडधडायला नको का?" असे ते विचारतात. त्यासाठी या घरात माझे ब्लडप्रेशर पुरेसे आहे. काही वाढवण्याआधी दुसरे काहीतरी कमी करून पाहावे. मिक्सिंग, म्हणजे गाणे आणि वाद्ये यांची जुळवणी, हळू आवाजात करावे. मोठ्या आवाजात काहीही झकास वाटते. झाले की तासभर बाहेर फिरून यावे आणि मग स्वयंपाकघरातल्या लहान स्पीकरवर ऐकावे. तिथे शब्द कळले नाहीत, तर काम संपलेले नाही.

४. शेजारच्या शिंप्यांना वस्तू काही नाही, मनापासून आभार. आमच्या खिडकीत ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला की गेली एकोणीस वर्षे ते आपले मशीन थांबवतात. त्यांच्या गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर झाले नाहीत, याला बहुतांशी मी जबाबदार आहे.

५. आता थोरला भाऊ. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि अकरा वर्षे माझ्याशी बोलत नाही. त्याने स्वतः रचलेले एक गाणे मी याच खोलीत ध्वनिमुद्रित केले होते. ध्रुवपद तो पाच वेळा गायला. मी त्यातले सर्वांत सुरेल निवडले आणि पाचही ठिकाणी तेच चिकटवले. पुष्कळजण असे करतात. मला वाटले, कुणाला पत्ता लागणार आहे!

दादाने एकदाच ऐकले. म्हणाला, "पहिल्यांदा मी ते खुशीत म्हटलं होतं, शेवटी दमून. तू मला पाचही वेळा एकाच चेहऱ्याने उभा केलास. हे गाणं माझं नाही."

"बेसूर झाला होतास, म्हणून वाचवलं तुला," असे मी म्हणालो. म्हणायला नको होते. चूक संपूर्णपणे माझी.

मूळ पाचही ध्रुवपदे मी पुसलेली नाहीत. दोन डिस्कवर, दोन वेगळ्या कपाटांत ठेवली आहेत. हाही सल्लाच समजावा. त्यातील एक डिस्क माझ्या मृत्यूनंतर दादाला द्यावी आणि मी माफी मागितली आहे असे सांगावे.

हे कलम मी साक्षीदार म्हणून आलेल्या शिंप्यांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "दादा तुमच्यापेक्षा कितीने मोठे?"

"आठ वर्षांनी."

"मग आधी तुम्ही जाणार, हे कुणी ठरवलं?"

 कलम ५ मधील शेवटची तरतूद रद्द. डिस्क घेऊन आत्ताच निघतो आहे.

६. सव्वापाच वाजता परत आलो, दादासह. त्याच्या घरी गेलो, तेव्हा दार उघडून त्याने आधी डिस्ककडे पाहिले. "पाचही आहेत?"

"आहेत. दादा, चुकलो मी."

"गल्लीच्या त्या टोकाहून इथवर यायला अकरा वर्षं लागली होय रे तुला?" असे म्हणत त्याने चपला घातल्या.

पाचही ध्रुवपदे आम्ही शेजारी बसून ऐकली. चौथ्यात तो खरोखरच घसरला आहे. मी तोंड उघडले नाही. "हं, इथे गडबड आहे जरा," तोच म्हणाला, आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो. मला रडूही आले. ते लपवत नाही. गाणे जसेच्या तसे, चौथ्या ध्रुवपदासह, उद्यापासून नव्याने मिक्स करायचे ठरले आहे.

७. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले आहे. दादाला आता यातून काहीही मिळत नाही. म्हणून दुसरी सही त्याची.

स्थळ: घराची मागची खोली. दिनांक: १४ ऑक्टोबर, मंगळवार.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे शिंपी: माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरे: सही करणाऱ्याला मी ओळखतो. माझा धाकटा आहे. (सही)