बाईसाहेब पडल्या तेव्हा तू हसलास

मंगळवार, १४ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. या वेळी तू फोनवर हसलास. माझ्या लक्षात आहे.

चि. धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (ते तुझ्या वागणुकीवर अवलंबून नाहीत, हे तुझं नशीब.) तुझं पोट कसं आहे? माझं सगळं बरं आहे असं तूर्त समज.

त्या सकाळी आमच्या बाईसाहेब खिडकीतून उतरून दुधाच्या वाटीकडे निघाल्या आणि वाटेतच आडव्या झाल्या. डोळे उघडे, पाय ताठ, हाक मारली तरी कान हलेना. तुला फोन केला, कारण तू आयुष्यभर मांजरं पाळलीस (सगळी पळून गेली, ते सोड). तू म्हणालास, "ताई, नाटकं करतेय ती!" मग मला ठाऊक असलेला एकच इलाज उरला. शाळेत प्रार्थनेला उभी असलेली मुलगी कोसळली, की सिस्टर तिचं डोकं तिच्याच गुडघ्यांत घालायच्या. मी फरशीवर बसून मांजराचे गुडघे शोधू लागले. ते सापडण्याआधीच बाईसाहेब उठल्या, मला बोचकारून दूध प्यायला गेल्या. म्हटलं, धाकट्याचंच खरं असेल.

शुक्रवारी त्या पुन्हा पडल्या. हिरड्या पांढऱ्याफटक. टोपलीत घालून प्राण्यांचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई (वय तुझ्या लेकीएवढं, जीभ माझ्यासारखी) म्हणाल्या, "आजी, पहिल्यांदा पडली तेव्हाच आणायचं. लगेच उठली तरी आणायचं." हृदय अडखळतंय. गोळी कायमची, भरवसा नाही. पुन्हा पडली तर तोंडात पाणी घालायचं नाही, गुडघे शोधायचे नाहीत, मोबाइलवर चित्रीकरण करायचं आणि तडक निघायचं. मी विचारलं, "रडायचं कधी?" "टॅक्सीत," त्या म्हणाल्या.

तुझी,
ताई

ता. क. गोळी द्यायला एकाने धरायचं आणि दुसऱ्याने जबड्यात ढकलायची. इथे दोन्ही मीच.

आणखी एक. रविवारी स्वयंपाकघरात मीही पडले. डोळे उघडले तेव्हा बाईसाहेब उशाशी बसल्या होत्या, नाटक वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मी लगेच उठले, म्हणून कुणाला सांगितलं नाही. काल दाखवायला गेले, तेव्हा माझ्या डॉक्टरांनीही मला तेच ऐकवलं: पडलात तेव्हाच यायचं, लगेच उठलात तरी. येत्या सोमवारी दाखल करून घेताहेत. बाईसाहेबांना नेशील का, आणि मी परत आले नाही तर ठेवशील का, हे शनिवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू हसतोस.