बोनेटवरचे ठोके

१६ फेब्रुवारी १९८८. चांद्र वर्षाची शेवटची संध्याकाळ

एंगला दारातूनच परत पाठवली.

चार वाजता आली. एकटी, बसने. हातात कापडी पिशवी. आम्ही पूर्वजांपुढे ताटं मांडत होतो — अख्खा मासा, कोंबडी, तांदळाची गोड वडी. मी पुढे झालो आणि उंबऱ्यातच उभा राहिलो. लग्न झालेली मुलगी आजच्या रात्री माहेरी राहिली तर ते भावाच्या घरावर येतं. सूनबाईला सातवा महिना. आधीचं एक पोटातच गेलं.

ती म्हणाली, "बाबा, आजची रात्र फक्त. गॅरेजमध्ये निजते. घरात पाय नाही ठेवत."

गॅरेज घराला लागून आहे. छप्पर एकच. मी म्हणालो, "परवा ये ना, बून-लिओंगला घेऊन. रीतीने ये."

तिचा डावा गाल सुजलेला होता. विचारलं तर म्हणाली, "दाढ."

वडी कागदात बांधून दिली. तिने ती पिशवीत टाकली आणि गेली.

दाढच असेल. लहानपणापासून दात किडके.

१७ फेब्रुवारी

पहाटेपासून फटाके. छातीत धडधड. गोळी एकदा घेतली की दोनदा, आठवत नाही.

१८ फेब्रुवारी. वर्षाचा दुसरा दिवस

आज सगळ्यांच्या मुली माहेरी आल्या. समोरच्या शेवयावाल्या बाईच्या तिघी आल्या, पोराबाळांसकट. माझी नाही आली. जावई, बून-लिओंग, एकटाच आला.

आला तो त्याच्या गाडीने. अमेरिकन फौज इथला तळ सोडून गेली तेव्हा कुणा अधिकाऱ्याची विकत घेतलेली, चौसष्ट सालची, दुधी रंगाची. लग्नात नवरीला आणायला ती भाड्याने देतो. एवढं लांब बोनेट सगळ्या फेंगयुआन गावात दुसरं नाही. ते बोनेट आज दोरीने बांधलेलं होतं. पुढची कड वर उचकटलेली, मधोमध घडी, मागे बिजागऱ्यांपाशी पत्रा फुगलेला.

"टेकूची काठी निसटली," म्हणाला. "आणि तुमच्या लेकीला ताप आहे. झोपलीय."

पाहुण्याच्या जागी बसला. माझ्या मुलाबरोबर, आ-कियानबरोबर प्यायला. म्हणाला, "अठ्ठावीसला, रविवारी, लग्नाचं बुकिंग आहे. शनिवारी ही म्हातारी गाडी सरळ करून द्या. सासरा डेंटर असल्याचा कधीतरी फायदा व्हायला हवा की नाही?"

आ-कियान हसला. मीही हसलो.

काठी निसटली तर बोनेट असं वाकत नाही. पण सणाच्या दिवशी पाहुण्याशी कोण वाद घालतो.

२१ फेब्रुवारी. पाचवा दिवस

गॅरेज उघडलं. उदबत्त्या लावल्या. आ-कियानने आणि मी बोनेट उतरवलं आणि उलटं करून लाकडी घोड्यांवर ठेवलं.

मी चार इयत्ता शिकलो. पण पत्रा वाचता येतो. छप्पन्न वर्षं तेच केलं. पत्र्यावर जे शेवटी घडलं ते सगळ्यात वर असतं. ते आधी काढायचं, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं. उलट्या क्रमाने. घाईत कुणी पहिला पोचा आधी काढायला गेला तर पत्रा ताणतो आणि जन्मभर डबडब वाजतो.

म्हणून आधी खडूने आकडे घालतो. आज आतल्या कडेवर आकडे घालताना तीन निघाले.

पुन्हा मोजले. तीनच. कुठल्याशा कठीण वस्तूवर बोनेट तीनदा आदळलं आहे, जवळजवळ एकाच जागी. दुसऱ्याची घडी पहिलीवर चढलेली. तिसऱ्याची दुसरीवर.

काठी एकदा निसटते.

आ-कियानला दाखवलं. तो म्हणाला, "पाना राहिला असेल आत. बंद होईना म्हणून आपटलं असेल. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे." मी म्हणालो, "पान्याची खूण अशी गोल, रुंद नसते." तो म्हणाला, "बाबा, नसत्या शंका काढू नका. सणाचे दिवस आहेत."

२२ फेब्रुवारी

दिवसभर ठोकत होतो. खालून लोखंडी ठोकळा धरायचा, वरून हातोडी. ताणलेल्या जागी गॅसचा जाळ द्यायचा आणि लगेच ओला फडका. वाफ तोंडावर येते. डोळे अजून चुरचुरतात.

तिसरा काढला, मग दुसरा. पहिला काढायला घेतला तेव्हा समजलं. समजलं तिथे हात थांबला आणि ठोकळा पायावर पडला. अंगठ्याचं नख काळं झालं आहे.

पहिला ठोका सगळ्यात खोल. दुसरा त्याहून कमी. तिसऱ्याला पत्रा जेमतेम उचकटला होता. मारणारा दमला असं वाटेल कुणाला. पण दमला नाही — बिजागऱ्यांपाशी बघितलं, तिथे तिसऱ्या वेळचा जोर सर्वात जास्त. मागून पुरा जोर, आणि पुढे पत्रा वाकत नाही. म्हणजे पुढे जे होतं ते आधी टणक होतं, पहिल्या ठोक्याला टणक होतं, आणि तिसऱ्यापर्यंत टणक राहिलं नव्हतं.

हात होता. कोपराच्या खाली.

मी माझा हात त्या खळग्यात ठेवून बघितला. माझा मावत नाही. बारीक हात होता.

कधी, तेही कळलं. तिला परत पाठवली त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी वर्षाचा पहिला दिवस, गाडीला कुणी हात लावत नाही. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात.

जेवलो नाही.

२३ फेब्रुवारी

बस पकडून एंगकडे गेलो. फाटकाची कडी आतून होती, तिनेच काढली. डावा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. हाडवैद्याच्या लेपाचा वास. बोटं वांग्यासारखी.

"स्कूटरवरून पडले," म्हणाली.

मी तिला काहीच विचारलं नव्हतं.

हे वाक्य मला ओळखीचं आहे. तिची आई म्हणायची, नळावर घसरले. मी दोनदा हात उचलला होता तिच्यावर. तीनदा. तिच्या बहिणीला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना नळच सांगितला तिने. इथे लिहितोय कारण इथे कुणी वाचत नाही.

म्हणालो, "एंग, मी तीनही ठोके काढले."

ती म्हणाली, "सरळ झालं का?"

"घरी चल."

"वहिनीला सातवा ना? बाळंत होऊ दे आधी. काही झालं तर पुन्हा माझ्याच डोक्यावर."

"ती एक रात्र होती गं. आता चालतं. आता कधीही —"

"हो, बाबा. ती एकच रात्र होती."

आवाज चढवला नाही. माझ्यासाठी चहा ओतत होती, एका हाताने. सांडत होता.

तेवढ्यात तो आला. मला बघून आधी हसला. "काय हो, गिऱ्हाइकाच्या घरी येऊन माप घेता आता?" मी म्हणालो, मुलीला चार दिवस नेतो. तो म्हणाला, "नेता? आणि त्या दिवशी का नाही ठेवून घेतलीत? मीच म्हटलं, सासरेबुवा शहाणा माणूस, माल परत पाठवला."

मी उठलो. काय करणार होतो कोण जाणे. त्याने माझी कॉलर धरली, मला अंगणातून फरपटत नेलं आणि फाटकावर डोकं आपटलं. एकदा. मग वाकून हळू म्हणाला, "शनिवारी. सरळ. माझं बोट फिरलं तर कुठे अडकता कामा नये."

एंग दारात उभी होती. किंचाळली नाही, पुढेही आली नाही. चांगल्या हाताने वाईट हात धरून उभी होती.

२४ फेब्रुवारी

कपाळाला चार टाके. आ-कियान म्हणाला, "त्यांच्या घरचं भांडण, बाबा. त्याच्या मागे देवळातली गुंड पोरं आहेत. गॅरेज जाळतील. मला मूल होणार आहे."

बरोबर आहे त्याचं. मीही हेच म्हणालो असतो. म्हणालोच.

२६ फेब्रुवारी

बोनेट चढवलं. पहिल्यांदा बसवलं तेव्हा डावा मागचा कोपरा वर, उजवी फट बारीक. बिजागरीखालचे दोन वॉशर काढले. मग मडगार्ड सैल करून बाहेर ओढलं. मग दरवाजाची रेघ चुकली, मग तेही. एक ठीक करावं तर दुसरं बिघडतं. फट मी तासलेल्या चॉपस्टिकने मोजतो. पुढून मागेपर्यंत एकाच दाबाने सरकली पाहिजे. संध्याकाळी सरकली.

मग एक वाईट काम केलं. बोनेट दोन ठिकाणी धरलेलं असतं — कुलूप आणि त्यामागे एक वाकडा लोखंडी आकडा. कुलूप सुटलं तरी आकडा धरतो. मी आकडा सरळ करून टाकला आणि कुलपाचे बोल्ट सैल सोडले. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की वारा खाली शिरेल आणि बोनेट उलटून काचेवर येईल. चालवणाऱ्याला समोरचं काही दिसणार नाही. एवढं लांब, एवढं जड.

हात धुतले. खुर्चीवर बसलो. मनात त्याचं तोंड काचेत घुसलेलं बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

मग आठवलं, रविवारी मागच्या सीटवर नवरी असेल. कुणाची तरी पोर.

आकडा पुन्हा वाकवला. बोल्ट आवळले. दोनदा तपासले, कुलूप लावून बाहेर आलो, परत आत जाऊन तिसऱ्यांदा तपासले. मला काहीच धड जमत नाही. दारही उघडता आलं नाही आणि हेही नाही.

२७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी आला. कुठल्या तरी मेजवानीतून, प्यालेला. एंग बरोबर. तो पितो तेव्हा गाडी तीच चालवते. या गाडीला गिअर बदलावे लागत नाहीत, स्टिअरिंग एका हाताने फिरतं. तिचा डावा हात अजून कामट्यांत.

गाडीभोवती फिरला. फटीवरून बोट फिरवलं, पुढून मागे. अडकलं नाही. "कारागीर माणूस आहात, बाबा. भांडणं आपल्या जागी, काम आपल्या जागी." बोनेट उघडलं, सोडलं. बसलं नीट. पुन्हा उघडलं.

"एंग, इकडे ये. उजवा हात ठेव इथे. बाबांच्या कामाची परीक्षा घेऊ."

हसत होता. आ-कियानने मान खाली घातली. एंग आली. खरंच आली, आणि उजवा हात कडेवर ठेवला. बोटं पसरून. त्याच्याकडे बघत.

मी हातोडी उचलली होती. सांगायला हरकत नाही.

त्याने बोनेट धरून ठेवलं. सावकाश मोजल्यासारखं केलं — एक, दोन. मग तिचा हात बाजूला सारला आणि बोनेट खाली सोडलं. "थट्टा केली. चेहरे बघा सगळ्यांचे."

एंग म्हणाली, "चला. मी चालवते."

माझ्याजवळून जाताना थांबली. "बोनेट बंद होताना आवाज चांगला येतोय," म्हणाली. एवढंच. मी म्हणालो, रात्री ये गं, दार उघडं ठेवतो. ऐकलं की नाही माहीत नाही. इंजिन सुरू होतं.

२८ फेब्रुवारी

बून-लिओंग गेला. काल संध्याकाळीच, त्यांच्या घराच्या फाटकावर. फाटक उघडायला तो उतरून पुढे गेला होता. एंग पोलीस चौकीत आहे. ब्रेकवरून पाय घसरला म्हणते.

दार रात्रभर उघडं ठेवलं होतं.

२९ फेब्रुवारी

चौकीच्या मागे गाडी उभी. हवालदाराने बोलावलं होतं, शेवटचं काम माझं म्हणून. जुनी ओळख. म्हणाला, "काका, तुमची मुलगी आहे, तरी विचारतो. इथे तुमच्यासारखं पत्रा वाचणारं दुसरं कुणी नाही. ती म्हणते पाय घसरला, एकदा धडकली. शेजारीण म्हणते, दोन आवाज ऐकले. मध्ये गाडी मागे गेली. तुम्ही बघून सांगा."

मी वाकलो. चष्मा पुसला. परवाच सरळ केलेला पत्रा. दुसऱ्याची घडी पहिलीवर चढलेली, आंधळ्यालाही हाताला लागावी अशी.

मी म्हणालो, एकच.