दगड उघडलाय, उद्या या

मामा,

मी गिरणी झाडत होते. सकाळचे सहा वाजले असतील. आदल्या दिवशी आलेले दळणाचे डबे एकेक करून भिंतीकडे सरकवायचे, खाली सांडलेलं पीठ एका बाजूला लोटायचं, खिडकीच्या गजांवर बसलेलं फडक्यानं झटकायचं आणि मग आत जाऊन चूल पेटवायची, हा माझा रोजचा क्रम. आत्याबाई म्हशीखाली बसल्या होत्या. तुम्ही ओट्यावर राखुंडीनं दात घासत होता आणि वन्सं, तुमची धाकटी लेक, उंबऱ्यात बसून भूमितीचं पुस्तक नुसतंच चाळत होत्या. त्यांचं दहावीचं वर्ष. सहामाहीत गणितात नापास झालेल्या. ते चाळणं बघून मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वन्सं, मागल्या गल्लीतल्या पोरीचं सगळं पुस्तक दोनदा वाचून झालं म्हणं." वन्संनी पुस्तक मिटलं. तुम्ही चूळ भरली आणि माझ्याकडं न बघता, म्हशीकडं तोंड करून म्हणालात, "सूनबाईला सांगा, ह्या घरात दुसऱ्याची लेक मापाला आणायची न्हाई." आत्याबाई धार काढता काढता म्हणाल्या, "ती काय भैरी हाय का? तुमीच सांगा की." तुम्ही परत एकदा चूळ भरलीत.

तेव्हा तशी रीतच होती. सासरा सुनेशी थेट बोलत नसे आणि सून त्याच्यासमोर तोंड उघडत नसे. आपण नऊ वर्षं एका घरात राहिलो, आणि तुम्ही मला उद्देशून बोललात ती वाक्यं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळं आत्याबाईंच्या, म्हशीच्या नाहीतर भिंतीच्या नावानं. त्या सकाळचं बोलणं मला लागलं. दोन दिवस मी तुमच्या ताटात भाकरी वाढताना मान वर केली नाही. पण पुन्हा कधी मी कुणाच्या पोराचं नाव दुसऱ्या पोरापुढं घेतलं नाही, एवढं तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

त्या वर्षी माघ लागला तसे तुम्ही रोज संध्याकाळी पाचला गिरणी थांबवायला लागलात. लाईट असताना गिरणी बंद, हे आपल्याकडं नवलच. दळण घेऊन कुणी आलं की तुमचं एकच उत्तर, "दगड उघडलाय, उद्या या." पान्यानं बोल्ट ढिले करून तुम्ही दगड उघडायचात आणि छिन्नी-हातोडी घेऊन त्याच्यापुढं बसायचात. फिरून फिरून दगड गुळगुळीत झाला की दाणा नीट फुटत नाही, म्हणून त्याला टाकी लावून पुन्हा खरबरीत करावं लागतं, एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं. तुम्ही काम करताय असंच आम्ही सगळे धरून चाललो. मग तुम्ही हाक मारायचात, "बाय, मी हितं एकटाच बसलोय. आज साळंत काय झालं ते तर सांग."

"दादा, तुमाला न्हाई कळायचं ते."

"न्हाई कळलं तर तू नीट सांगितलं न्हाईस, असं धरू."

वन्सं कुरकुरत येऊन डब्यावर बसायच्या. एकदा त्या प्रकाशाचा धडा सांगत होत्या. पाण्यात काठी वाकडी दिसते, कारण उजेड पाण्यातून बाहेर येताना वळतो. तुम्ही हातातली हातोडी खाली ठेवून विचारलंत, "मंग पाण्यातला मासा?"

"तोबी दिसतो तिथं नसतो."

"अन् मंग धरायचा कुठं?"

वन्सं उठून पुस्तक घेऊन आल्या, बराच वेळ आकृतीवर बोट फिरवलं आणि ओरडल्या, "दिसतो त्याच्या खाली असतो, दादा!" तुम्ही म्हणालात, "बघ. इतकी वर्सं मी वढ्यात उगंच वर हात मारत व्हतो." दाराच्या आड मी भाकरीचं पीठ चाळत होते. चाळण ठेवली आणि उलथनं पाण्याच्या पातेल्यात घालून बघितलं. वाकडं दिसलं. माझी शाळा नववीत सुटली होती, तो धडा माझ्या वाट्याला आलाच नव्हता. त्या दिवसापासून तुम्ही वन्संना म्हणायला लागलात, "जरा मोठ्यानं सांग. आतबी ऐकू जाऊ दे."

एकदा एक जण डबा घेऊन आला आणि वन्संना बघून म्हणाला, "काय गं, किती टक्के पाडणार?" वन्संचा चेहरा उतरला. तुम्ही त्याच्याकडं वळलात. "तुला किती पडलेते बे दहावीत?"

"आमी कुठं दहावी, दादा. सातवीत सोडली."

"मंग तुला सांगून काय कळायचं? दगड उघडलाय, उद्या ये."

पेपर सुरू झाले. दुसऱ्या पोरांचे बाप शाळेच्या फाटकाला चिकटून उभे, पोरगं बाहेर आलं की हातातला पेपर ओढून घेत. तुम्ही सायकल घेऊन लांब लिंबाखाली थांबायचात आणि वन्संना एकच विचारायचात, भूक लागली का. भूमितीचा पेपर अवघड गेला त्या दिवशी त्या रडतच घरी आल्या, ताटापुढं बसल्या तरी रडणं थांबेना. तुम्ही म्हणालात, "दळलेल्याची परत ज्वारी व्हत न्हाई. उद्याचं दळण काय हाय?"

"इतिहास."

"बरं झालं. त्यात मासे न्हाईत."

वन्संना रडता रडता ठसका लागला, आत्याबाई पाणी घेऊन धावल्या आणि तुमच्यावरच खेकसल्या.

वन्सं पास झाल्या, गणितात काठावर. नंतर रद्दीवाला गल्लीत आला तेव्हा आत्याबाईंनी पुस्तकांचा गठ्ठा बाहेर काढला होता. तुम्ही म्हणालात, "ती देऊ नका. घरात वाचणारं माणूस हाय." माझं नाव तुम्ही घेतलं नाही, पण गठ्ठा फडताळात माझ्या पातळांशेजारी आला. ती पुस्तकं मी किती वेळा वाचली ते सांगता येत नाही. मराठीचं झालं की इतिहास, इतिहास झाला की विज्ञान, सगळी झाली की पहिल्यापासून. पुढं गावच्या वाचनालयातली कपाटं वाचली. आज मला कुणी विचारलं की बाई तुम्ही किती शिकलात, तर मी नववी सांगते, पण मनात तुमचा गठ्ठा धरते.

तुमचा मुलगा गेला, मामा. हे तुम्हाला कसं सांगावं ते इतके दिवस कळत नव्हतं. पाच वर्षं झाली. पोटाचं दुखणं होतं. बीडला नेलं, बीडच्या पुढं नेलं, परत आणलं. आजारपणात ते ओट्यावर बसून मला पट्टा कसा चढवायचा, दगडाला टाकी कशी लावायची ते शिकवायचे. "हात हलका ठेव," म्हणायचे. मी म्हणायचे, तुम्ही बरे व्हा आणि तुम्हीच लावा. ते परत छिन्नी माझ्या हातात द्यायचे. आता गिरणी मी चालवते. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. तुम्ही तिला बघितलं नाही. बोलताना खालचा ओठ दाताखाली धरते, तुमच्यासारखाच.

यंदा ती दहावीला आहे. सराव परीक्षेत गणितात आणि विज्ञानात तिला फार कमी गुण पडले आणि मी घाबरले. एकटं माणूस घाबरलं की काहीतरी जास्तीचं करून बसतं. तिचा मोबाईल मी कपाटात घातला आणि कुलूप लावलं. बदाम भिजत घातले. तिला पहाटे चारला उठवायला लागले. आणि तुमची आठवण काढून गिरणी बंद केली. संध्याकाळची नाही, दिवसभराची, पेपर संपेपर्यंत. दारावर खडूनं लिहून पाटी लावली, 'मुलीची दहावीची परीक्षा असल्यामुळे गिरणी बंद आहे.' अक्षर मन लावून काढलं होतं. मला वाटलं, तेव्हा दगडाच्या कामानं दोन तास गिरणी शांत असायची तर वन्सं शिकल्या, मी लेकीला दिवसभराची शांतता देते आहे.

चौथ्या दिवशी शेजारच्या एक मावशी डोक्यावर डबा घेऊन आल्या. पाटी वाचून घेतली. आता त्यांना हायवेच्या पलीकडच्या गिरणीवर जाणं भाग होतं. लेक ओट्यावर वही घेऊन बसलेली. मावशी म्हणाल्या, "आमाला हायवे वलांडाया लावलास गं बाई. आता नव्वदच्या खाली आलीस तर ह्यो डबा तुझ्याच डोक्यावर देते बघ." मस्करीच होती. मीही हसले. लेक हसली नाही.

त्याच दिवशी दुपारून ती शाळेतून हॉलतिकीट घेऊन आली. ते मिठाच्या बरणीखाली सरकवलं आणि म्हणाली, "मी पेपरला जाणार न्हाई."

"कावून?"

"मला जमत न्हाई."

"अगं, तुझ्यासाठी मी गिरणी बंद ठेवली..."

"तेच! कुणी सांगितलं तुला ठेवाया?" ती ओरडली. आजवर माझ्यावर ओरडली नव्हती. "आई, आपली गिरणी एकदाच बंद व्हती. बाबा गेलते तवा, तेरा दिवस. आता घर परत तसंच गप्प झालंय. पुस्तक उघडलं की वाटतं, आत कुणीतरी गेलंय. अन् दारावर तू मला लिवून ठेवलंस. येणारं-जाणारं माझं तोंड बघतंय. मी नापास झाले तर सगळ्या गावाचं दळण बुडवलं म्हणत्याल."

ती जन्मली तेव्हापासून त्या आवाजात झोपली, त्याच आवाजात पाढे म्हटले, आणि मी तो काढून घेऊन तिला शांतता दिली होती. मी उठून गिरणीत गेले. हाताला काहीतरी काम हवं म्हणून बोल्ट ढिले केले आणि दगड उघडला. आठ दिवसांपूर्वीच टाकी लावलेली, बोटाला चांगला खरबरीत लागला. करण्यासारखं काहीच नव्हतं. मी छिन्नी घेऊन तशीच बसले, आणि मामा, तेव्हा मला तुम्ही कळलात.

दगडाला अशी रोज टाकी लागत नाही. महिनाभर रोज लावली असती तर आपला दगड झिजून कामातून गेला असता. आणि टाकी लावल्यावर पहिले थोडे दाणे दळून फेकून द्यावे लागतात, नाहीतर भाकरीत कचकच येते. त्या महिन्यात रोज सकाळी गिरणी मीच झाडत होते. फेकायचे दाणे मी एकदाही उचलले नाहीत, दगडाचा चुरा केरात आला नाही, आणि कुणी कचकचीची तक्रार घेऊन आलं नाही. तुम्ही नुसते बसत होतात. लेकीला बापाचा वेळ मिळावा म्हणून हातोडी हातात धरून बसत होतात. हात कामात दिसले म्हणून तिला वाटलं नाही की आपली परीक्षा घेतायत. आणि लोकांना दगडाचं कारण सांगितलंत म्हणून कुणाचं दळण तिच्या नावावर थांबलं नाही. घरातल्या घरात, चार हातांवर बसून ऐकणाऱ्या मलाही इतकी वर्षं कळू दिलं नाहीत.

मी वन्संना फोन लावला. त्या मांजरसुंब्याला असतात, त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का?" त्या म्हणाल्या, "न्हाई वैनी. मला वाटायचं, आपला दगडच लई जुना हाय." पुढं त्या हसत होत्या की रडत होत्या, फोनवर कळलं नाही.

आता हे लिहिते आहे तेव्हा लेक विज्ञानाचा पेपर लिहीत असेल. पेपर सुरू व्हायच्या आधीपासून रोज पाचला मी दगड उघडते. पहिले दोन दिवस ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, डब्यावर बसली आणि म्हणाली, "आई, आम्ल म्हणजे काय ते सांगू का?" मला ते तुमच्या गठ्ठ्यामुळं येतं, पण मी म्हणाले, मला येत नाही, सांग. पहिल्या पेपरला बरणीखालचं हॉलतिकीट तिनं आपणच काढून घेतलं. तिला किती गुण पडतील ते माहीत नाही. घाबरणं माझं गेलेलं नाही. फाटकापाशी जायला पाय ओढतात, लांब थांबायला मला तुमच्याइतकं जमत नाही.

एक गोष्ट लेकीला सांगितली नाही, वन्संनाही नाही. ती पाटी लिहिताना मी जितका तिचा विचार करत होते तितकाच रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांचा करत होते. नवरा नसलेली बाई लेकीच्या शिक्षणासाठी चालती गिरणी बंद ठेवते, असं चार लोकांनी म्हणावं असं मला वाटत होतं. दोघातिघांनी म्हटलंही, आणि मला बरं वाटलं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. तुम्ही समोर असता तर मी आत्याबाईंच्या आड उभी राहिले असते.

लेक ओरडली त्या संध्याकाळी मी तिला काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यानं दारावरची पाटी पुसली आणि सातला गिरणी चालू केली. लेक आत झोपली होती. त्या आवाजात ती साडेआठपर्यंत झोपली. मी उठवलं नाही.