निळ्या वाळ्यांची पिल्लं

इनामगाव

प्रिय प्रतिभा,

तुझी पिल्लं आता बरी आहेत, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. महेंद्रनं तुमच्या दोघांच्या प्रयोगाचे सगळे आकडे तुला हैदराबादला कळवले असतीलच. आकड्यांत न बसलेलं मी लिहिते.

पावसाची झड लागली, शेडमधला भुसा ओला झाला आणि रक्ती हगवण शिरली. सगळी एकाच भुशावर, एकाच भांड्यातलं खाणारी. पण पायात लाल वाळी घातलेली, म्हणजे आपल्या गावरान कोंबड्याची पिल्लं, दोन-तीन दिवस मलूल राहिली आणि पुन्हा दाणे टिपायला लागली. तुझ्या कॉलेजातल्या त्या थोराड कोंबड्याची, निळ्या वाळ्यांची, मात्र पंख पाडून कोपऱ्यात गोळा झाली. कुणाला किती बाधतं तेच बघायचंय, औषधाची घाई करू नका, असं तू बजावून गेली होतीस. मी तुझा शब्द पाळत होते गं. पण एका पिल्लानं माझ्या ओच्यात मान टाकली तेव्हा राहवेना. महेंद्रला फोन लावला.

यवतवरून गाडीवर भिजत आला. आधी सगळ्यांची विष्ठा बाटल्यांत भरून घेतली आणि मग स्वतःच पाण्यात औषध कालवलं. मी म्हटलं, "आता तुमच्या प्रयोगाचं?" म्हणाला, "नमुने मिळाले, मावशी. प्रतिभा इथं असती तरी तिनं हेच केलं असतं." काही गेली, पण बरीच वाचली.

तुला आठवतं? लग्न होऊन आलीस आणि पहिल्याच आठवड्यात कोंबडीची शिट काचेवर घेऊन खिडकीत सूक्ष्मदर्शक मांडून बसलीस. आळीतल्या बाया दारात गोळा झाल्या. बिरदेव त्यांना ऐटीत सांगत होता, "बायकू डॉक्टर हाय माझी." त्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पिल्लं सावरल्यावर महेंद्र ओट्यावर चहा घेत बसला होता. मी विचारलं, जंतू सगळ्यांच्याच पोटात गेला, मग काहींनाच का बाधला? त्यानं नीट समजावलं. काही पिल्लांचं आतडं लवकर जागं होतं आणि जंतूला आवरतं. तो गुण थोडा कोंबड्याकडून येतो, थोडा कोंबडीकडून. सगळंच रक्तावर नसतं, भुसा कोरडा ठेवावाच लागतो. पण थोडं असतंच.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. "माझ्या बिरदेवचं काळीज जन्मापासनंच कमजोर व्हतं, डॉक्टर म्हणले. ते माझ्याकडनं आलं असंल का रं?"

हे मी आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. मामांनासुद्धा नाही, ते त्याचे वडील असून. महेंद्रनं कप खाली ठेवला. उगाच धीर द्यायचा म्हणून "नाही" म्हणाला नाही. म्हणाला, "मला कोंबड्यांचं थोडं कळतं, माणसांचं डॉक्टरच सांगतील. पण आलं असलं, तरी तुम्ही ते मुद्दाम दिलं नाही, मावशी." मी पदर तोंडाला लावून रडले. तो उठून गेला नाही, बसून राहिला. बिरदेव गेल्यापासून एवढं मोकळं मला वाटलं नव्हतं.

तुझं नाव निघालं की तो जमिनीकडं बघतो, हे मी केव्हाच पाहिलंय. त्या दिवशी मीच छेडलं. खूप आढेवेढे घेऊन त्यानं सांगितलं, की त्यानं तुला लग्नाचं विचारलं होतं, आणि आत्याबाई-मामांना सोडून मी कुठं जाणार नाही, असं तू म्हणालीस.

संध्याकाळी मामांच्या कानावर घातलं. म्हटलं, तो बौद्ध, आपण धनगर, भावकी बोलंल. मामा तंबाखू मळत होते. मग म्हणाले, "भावकी रक्ती हगवण निस्तराया आली व्हती का?" आणि उठून बाहेर गेले. डोळे पुसायला गेले असणार, मी मागं गेले नाही.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे कागदावर. प्रतिभा, तो तुला आवडत नसेल तर खुशाल नको म्हण, आम्ही पुन्हा नाव काढणार नाही. पण नकाराला कारण म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना पुढं करू नकोस. आम्हाला ते ओझं पेलायचं नाही. आणि मनात असेल, तर तुझ्या माहेरी मी स्वतः जाऊन बोलेन. लग्न मात्र याच दारात लावायचं. सून म्हणून तुला घरात घेतलं तेव्हा ओवाळायला मी होते. लेक म्हणून पाठवणी करायलाही मीच असणार.

तुझीच,
आई
(आत्याबाई म्हणायची सवय मोडेपर्यंत तेच म्हण.)